सासूबाईंचं घंगाळ आणि सूर्याची तहान

बसा हो, बसा. देवनहळ्ळीची बस आत्ताच डोळ्यांदेखत गेली, दुसरी यायला अवकाश आहे. कॉफी बाय-टू सांगतो, अर्धी तुम्ही घ्या, अर्धी मी. तर तुम्ही विश्वासरावांच्या बागेत निघालात म्हणता, झाडाला पाणी मोजून कसं द्यायचं ते शिकायला? मग तर बसाच. तुम्हाला त्या बागेची गोष्ट सांगतो. ती त्यांच्या तोंडून तुम्हाला कधी ऐकायला मिळायची नाही, आणि ऐकल्यावर तिकडं जायचं कारण उरतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

विश्वासराव मुळात शेतकरी नव्हेत. त्यांचा जन्म गेला बेंगळूरुजवळच्या बोम्मसंद्र्याला, नटबोल्टच्या एका कारखान्यात. काम काय, तर तयार बोल्ट हातात घ्यायचा, मोजायचा, केसाएवढा कमी-जास्त निघाला की बाजूला फेकायचा. उभी नोकरी असं केल्यावर माणसाचं काय होतं बघा. कोरमंगल्याच्या घरी ताटात इडली आली की आधी डोळा बारीक करून तिची जाडी बघणार. मालनबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "खावा आता. ती काय एक्स्पोर्टला जायची नाहीये."

मालनबाईचं माहेर देवनहळ्ळीचं. तिथल्या मराठी घरांतलं जुनं घर, शहाजीराजांच्या वेळेला आलेले म्हणतात. मी काही बघायला गेलो नव्हतो. किल्ल्याच्या मागच्या अंगाला त्यांची चकोत्याची बाग. चकोता म्हणजे आपलं पपनस, पण तिथं पपनस म्हणू नका, माणसं दुखावतात. बाग लावली मालनबाईच्या आईनं. आई गेली, बाप गेला, बाग आली धाकट्या भावाच्या, देवाप्पाच्या हाताखाली. देवाप्पाचं बसस्टँडला सायकलचं दुकान. सकाळी पाण्याची मोटर सुरू करून दुकानात जायचा आणि संध्याकाळी आठवण राहिली तर बंद करायचा. त्यामुळं बाग अशी हिरवीगार झाली होती की झाडाखाली उभं राहिलं तर आकाश दिसू नये. फळ मात्र दोन-तीन वर्षं धरलंच नव्हतं. नुसती पानं. पानं काय, जनावरं खात नाहीत आणि माणसं विकत घेत नाहीत.

त्यात विमानतळाची बोलणी सुरू झाली. आज येणार, उद्या येणार. विमान यायच्या आधी दलाल आले. एक दलाल पांढरी अँबॅसडर घेऊन बागेच्या कडेला रोज येऊन उभा राहायला लागला आणि हातानं हवेत प्लॉट पाडायला लागला. इथं रस्ता, इथं कॉर्नर साइट, इथं गणपतीचं देऊळ. देवाप्पा विरघळला. पण बागेत बहिणीचा पण वाटा होता, तिच्या सहीशिवाय काही होत नव्हतं.

मालनबाई म्हणाली, "देवाप्पा, आईनं घागरीनं पाणी घालून जगवलीयेत ती झाडं."

"अक्का, मला काय दगड समजतेस का? पण फळच नाही तर ठेवून काय करू? सावलीत बसून पंक्चर काढू?"

शेवटी ठरलं असं. उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, थांबायचं. उगादीला फळांचा गुत्तेदार दरवर्षी फेरी मारतो, झाडावरची फुलं बघून अख्ख्या बागेचा सौदा करतो. त्यानं या वर्षी सौदा केला तर बाग राहिली. नाही केला तर मालनबाईनं मुकाट सही करायची. मालनबाईनं शब्द दिला. आणि शब्द देऊन घरी आल्यावर नवऱ्यापुढं बसून डोळ्याला पदर लावला. विश्वासराव नुकतेच रिटायर झालेले, घरात मोजायला काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, "रडू नकोस. मी बघतो." ह्या 'मी बघतो'पासून सगळं सुरू झालं.

जानेवारीत लालबागेत फुलांचा शो असतो. विश्वासराव गेले, म्हटलं झाडांची चार माणसं भेटतील. काचघरात गुलाबांचा कसला तरी राजवाडा उभा केला होता आणि अख्खं बेंगळूरु त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होतं. गर्दीच्या धक्क्यानं विश्वासराव कोपऱ्यातल्या एका सरकारी स्टॉलवर येऊन आदळले. तिथं फूल नव्हतं, पान नव्हतं. एक मोठं गोल पत्र्याचं पात्र, त्यात पाणी, आणि मागं सौम्या मॅडम म्हणून एक तरुण बाई. सकाळपासून तिच्या स्टॉलवर कुणी फिरकलं नव्हतं. कुणीतरी चुकून का होईना आलं, म्हटल्यावर तिनं विश्वासरावांना सोडलंच नाही.

"बघा सर," ती म्हणाली, "शेत म्हणजे एक टाकी समजा. आत काय येतं? पाऊस, आणि तुमच्या मोटरचं पाणी. बाहेर काय जातं? थोडं खाली झिरपतं. बाकीचं वर जातं. ऊन-वारा जमिनीतलं पाणी ओढून नेतात, आणि झाड मुळानं जे पितं ते पानांतून हवेत सोडतं. या दोन्ही खर्चांना मिळून म्हणायचं ईव्हॅपोट्रान्स्पिरेशन. जेवढा खर्च, तेवढीच भरती. कमी नको, जास्त नको."

कमी नको, जास्त नको. विश्वासरावांना परमुलखात भाऊबंद भेटल्यासारखं झालं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

"आणि हा खर्च कळायचा कसा?"

"हे पात्र भरून उघड्यावर ठेवायचं. रोज सकाळी पाणी किती उतरलं ते बघायचं. तेवढं उन्हानं प्यालं. त्याला झाडाच्या मानानं गुणायचं, तेवढं झाडाला द्यायचं. वर जाळी टाका म्हणजे कावळे पिणार नाहीत."

तो इंग्रजी शब्द पाठ करायला विश्वासरावांना लालबागेपासून घरापर्यंतचा अख्खा बसप्रवास लागला. कंडक्टरनं कुठं उतरायचं विचारलं तर तोंडातून तोच शब्द निघाला. कंडक्टर म्हणाला, ही बस तिकडं जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते पात्र मिळवायला एका सरकारी कचेरीत गेले. कुठल्या ते मी सांगत नाही, मला पण तिथं काम पडतं. टेबलामागच्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पात्र सरकारी मळ्यासाठी आहे. तुमच्या बागेत पडतं ते ऊन खाजगी."

"ऊन खाजगी कसं?"

"जमीन कुणाच्या नावावर आहे?"

"अजून सासऱ्यांच्याच."

"मग अर्जावर सासऱ्यांची सही आणा."

"सासरे वारले."

"मृत्यूचा दाखला जोडा," तो माणूस दिलासा दिल्यासारखा म्हणाला, "आणि सही आणा."

विश्वासराव घरी आले ते रागानं लाल होऊन. मालनबाईनं ताक दिलं. ताक पिता पिता त्यांची नजर माळ्यावर गेली. तिथं सासूबाईंचं पितळेचं घंगाळ पालथं पडलं होतं. केवढं, तर पोर आत बसून अंघोळ करील एवढं. सासूबाईंच्या दारात ते कायम पाण्यानं भरलेलं असायचं. उन्हातून आलेल्या माणसानं पाय धुवावेत, तोंडावर पाणी मारावं आणि मगच उंबरा ओलांडावा. ते दारात उणं दिसलं तर त्या घरच्या बायकांना म्हणे चुकल्यासारखं व्हायचं, कपाळाला कुंकू नसल्यासारखं.

"हे मी नेणार," विश्वासराव म्हणाले.

"न्या. आईच्या दारात आईचं घंगाळ. पोचा पडला तर मात्र बघा."

तर दोघं नवराबायको उगादीपर्यंत देवनहळ्ळीला बागेतल्या लहान घरात राहायला गेली. घराच्या पुढ्यात उघड्या जागेवर तीन विटा, विटांवर घंगाळ. विटा सरळ आहेत की नाहीत ते बघायला विश्वासरावांनी कारखान्यातली पाणपातळीची नळी आणली होती. आतल्या बाजूला स्टीलची पट्टी चिकटवली, तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा. वरून नायलॉनची जाळी. काठोकाठ पाणी भरलं. देवाप्पा बघायला आला, बराच वेळ घंगाळाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, मासे कधी सोडणार?"

शास्त्राला अशी बोलणी खावी लागतातच, असं विश्वासरावांनी मनातल्या मनात म्हटलं आणि मोटरच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला बांधली. आता घंगाळ सांगेल तेवढंच पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, देवपूजा, कॉफी असं सगळं उरकून ते चष्मा लावून घंगाळाशी बसले. पाणी काठोकाठ. कालच्यापेक्षा एक रेघ कमी नाही. त्यांना वाटलं, पहिला दिवस, पितळ अजून तापलं नसेल. मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं एक शून्य काढलं. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी शून्य. वर ऊन असं की डोक्यावर टोपी ठेवली तर टोपीला घाम यावा, आणि घंगाळात थेंब कमी होत नाही.

आता कुणीही विचारलं असतं की अरे, कुणी हात लावतंय का. विश्वासरावांनी पण विचारलं. "मालन, घंगाळातलं पाणी कुणी घेतं का गं?"

"छे. कोण घेणार?" मालनबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. आणि ते खरंच होतं, कुणी घेत नव्हतं.

कारखान्यात त्यांनी बोल्ट चोरीला गेलेले बघितले होते, स्पॅनर गेलेला बघितला होता, एकदा तर अख्खं बाकडं गेलेलं बघितलं होतं. कुणी गुपचूप आणून ठेवल्याचं त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. त्यामुळं तो प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही.

मग एक दिवस तर कहर झाला. पाणी काठावरून बाहेर सांडलेलं, विटा ओल्या. म्हणजे उन्हानं प्यायचं सोडा, उलट परत आणून दिलेलं. विश्वासरावांनी भिंतीवर शून्याच्या आधी वजाबाकीची खूण केली आणि तिथंच बसले.

रविवारी यशोवर्धन आला. हा त्यांच्या कोरमंगल्याच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याचा पोरगा, कॉम्प्युटर कंपनीत. काकांच्या पात्राचं त्याला फार कौतुक. त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅमच केला होता: घंगाळाचा आकडा घालायचा, झाडाचं वय घालायचं, खालून पाणी किती ते लांबलचक घडीच्या कागदावर छापून येणार. कागद उलगडला तर झाडापासून घरापर्यंत पोचला.

"काका, इनपुट झीरो आहे तर आउटपुट पण झीरोच येणार ना. सिंपल लॉजिक आहे."

"आणि हा वजा?"

यशोवर्धननं डोकं खाजवलं. "थिअरेटिकली, त्या दिवशी झाडातून पाणी काढायला पाहिजे होतं."

एवढ्यावर कुणी भानावर आलं असतं. पण कागद छापील होता हो. आणि विश्वासरावांना तोपर्यंत कारण सापडलं होतं. नंदी बेट्टा, म्हणजे नंदीचा डोंगर, जवळ, तिकडून गार वारा येतो, म्हणून देवनहळ्ळीचा सूर्य मुळात कमी पितो. म्हणूनच देवाप्पा झाडांना बुडवत होता आणि फळ धरत नव्हतं. सगळं जुळत होतं. त्यांनी हे देवाप्पाला ऐकवलं. देवाप्पा म्हणाला, "दाजी, माझ्या दुकानातली ट्यूबची रबरं उन्हानं वितळलीयेत. त्यांना सांगा जरा नंदी बेट्टाचं."

पंधरवडा गेला. झाडांची पानं आत वळायला लागली, मुठी आवळल्यासारखी. मग पिवळी पडली. शेजारच्या मळ्यातली गंगव्वा, जी रोज मालनबाईला कनकांबराची, म्हणजे आपल्या अबोलीची, फुलं आणून द्यायची, ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "अण्णा, स्वल्प पाणी सोडा की. झाड म्हणजे काय उपास धरलेली बाई आहे?"

"गंगव्वा, गरज नाही. मोजलंय."

"मोजलंय तर मोजलंय. पानं काय म्हणतात ते बघा ना."

"पानांना कळत नाही."

गंगव्वानं कडुलिंबाचा पाला बांधायला सांगितला. देवाप्पाच्या दुकानात हवा भरायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सांगून जायचा: बुंध्याला शेण फासा, मुळाशी माशाचं पाणी घाला, मंगळवारी लिंबू कापा. एक तर म्हणाला, झाडाला कुऱ्हाड दाखवा, घाबरून फळ धरतं. विश्वासरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, हात जोडून भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीवर शून्यांची माळ लागली होती. कारखान्यात एवढी शून्यं म्हणजे एक पण माल खराब नाही, बक्षीस मिळतं. इथं झाडाखाली पानांचा सडा पडत होता.

आतून मात्र त्यांचा धीर सुटत चालला होता, हे मी तुम्हाला सांगतो. बागेतून जाताना पायाखाली पानं करकरायची आणि त्यांना बायकोच्या तोंडाकडं बघवायचं नाही. किल्ली जानव्याला टोचत होती. दोनदा ते मोटरच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पट्टी एक म्हणते आणि झाड एक म्हणतं, कुणाचं ऐकायचं? झाडाचं ऐकलं तर मग पट्टी इतकी वर्षं खरी कशी?

एका दुपारी दलाल आला, गडी लावून चुन्यानं रंगवलेले दगड फाटकाशी उतरवून गेला. नुसते ठेवून जातो म्हणाला, उगादी जवळ आलीये. मालनबाईनं दगड बघितले. आत आली. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा नवऱ्याला उभं राहून बोलली.

"आई जाताना मला काय म्हणाली माहितीये? झाडांना बघ म्हणाली. बघ म्हणाली. मोज म्हणाली नाही."

त्या रात्री मालनबाईनं जेवायला वाढलं, पण भात कमी-जास्त विचारलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ह्याहून मोठी शिक्षा काय?

झोप लागली नाहीच. फटफटायला लागलं तसे ते उठून ओसरीवर आले. अंगणात सडा पडलेला, रांगोळी ओली. आणि घंगाळाशी मालनबाई पाठमोरी उभी. डाव्या हातानं जाळी उचललेली, उजव्या हातात तांब्या. तिनं शांतपणे तांब्या ओतला, वाकून बघितलं, अजून अर्धा ओतला, जाळी खाली सोडली आणि पितळेवर पडलेले थेंब पदरानं पुसले.

विश्वासराव तसेच अनवाणी अंगणात उतरले. "काय करतेस?"

"भरते," ती म्हणाली. अजून रागातच होती.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? आईच्या वेळेपासून."

"अगं, मी विचारलं होतं ना तुला..."

"तुम्ही विचारलंत कुणी घेतं का. आमच्या दारातलं घंगाळ उणं ठेवून मी रांगोळी घालू? सूर्यदेव वर यायच्या आधी ते भरलेलं पाहिजे. नाहीतर आलेल्या माणसानं पाय कशात धुवायचे?"

"आणि ते सांडलं होतं त्या दिवशी?"

"ते गंगव्वानं. मळ्यातून आली, पाय धुतले. दुसऱ्याच्या घंगाळातलं घेतलं तर दुप्पट घालून ठेवायचं असतं."

विश्वासराव ओसरीच्या पायरीवर बसले. मग हळूच विचारलं, "रोज किती घालायचीस?"

"एक तांब्या. ऊन फार असलं तर दीड. शिवरात्रीनंतर दोन लागायला लागले."

ते उठले, भिंतीशी गेले, आणि धोतराच्या सोग्यानं सगळी शून्यं पुसून काढली. बायकोला शेजारी बसवून कुठल्या आठवड्यात किती तांबे ते विचारून घेतलं. बेरीज केली. घंगाळाचं तोंड केवढं, बाग केवढी, सगळं गुणलं. जी संख्या आली ती त्यांनी परत दोनदा गुणून बघितली. एवढे दिवस झाडांचं एवढं पाणी त्यांनी अडवलं होतं. यशोवर्धनला बसस्टँडवरून फोन लावला.

"करेक्ट आहे काका. टोटल डेफिसिट तेवढंच येतंय."

"एकदम द्यायचं, का थोडं थोडं?"

"सॉफ्टवेअरमध्ये हप्त्यांचं ऑप्शन नाहीये, काका."

तर त्यांनी एकदम दिलं. किल्ली काढली, मोटर सुरू केली, आळी भरली, पाट भरले. देवनहळ्ळीचा करंट तुम्हाला माहीत आहे, येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. त्या दिवशी मात्र तो जाईचना. पाणी आळ्यांतून बाहेर आलं, बांध फुटला, गंगव्वाच्या कनकांबरात शिरलं. गंगव्वा लुगडं वर खोचून ओरडत आली, "अण्णा, स्वल्प म्हटलं होतं मी, स्वल्प." विश्वासराव गुडघाभर चिखलात उभे, पट्टी हातात, अजून थोडं बाकी आहे म्हणत होते.

आणि नेमका त्या वेळी दलाल आपलं गिऱ्हाईक घेऊन प्लॉट दाखवायला आला. अँबॅसडर फाटकातून आत घातली. गाडी आत आली, थांबली, आणि बसली. चाकं दिसेनाशी झाली. रंगवलेले दगड चिखलात आडवे झाले होते. गिऱ्हाईकानं दार उघडलं, खाली बघितलं, आणि पाय परत आत घेतला.

देवाप्पाला दुकानातून बोलावणं गेलं. तो येऊन बघतो तो दलाल गाडीच्या टपावर बसलेला. दलाल म्हणाला, "ही जागा खोलगट आहे. तळं आहे हे. लेआउटला चालायची नाही. चालवायची तर भाव निम्मा."

आता गंमत बघा. ज्या देवाप्पाला बाग कधी एकदा जाते असं झालं होतं, त्याचे कान लाल झाले.

"खोलगट? माझ्या आईची बाग खोलगट?"

"पाणी साठलंय ते दिसतंय की."

"ते आमच्या दाजींनी साठवलंय. त्यांचं डोकं खोलगट आहे, बाग नाही." देवाप्पानं गाडीला दोरी बांधायला गडी बोलावले. "उगादीचं बोलणं उगादीला. तोपर्यंत इथं पाय ठेवायचा नाही. ठेवता पण येणार नाही म्हणा."

गाडी निघाली ती बैलजोडीनं. त्यानंतर विश्वासरावांनी घंगाळ पालथं घातलं. मालनबाईनंच ते परत सुलटं केलं, भरलं, आणि नवऱ्यापुढं कॉफी ठेवली. "झाडं मेली नाहीत अजून," एवढंच म्हणाली. उगादीनंतर सही करावी लागेल म्हणून तिनं ट्रंकेतून नेसायचं लुगडं पण काढून ठेवलं होतं.

पाणी ओसरलं. जमीन वाळून वरची ढेकळं पांढरी व्हायला लागली होती, अशा एका सकाळी मालनबाई सडा घालायला बाहेर आली आणि हातात तांब्या तसाच धरून उभी राहिली. वास. तिनं आधी गंगव्वाच्या मळ्याकडं बघितलं, कनकांबराला तर वास नसतो. मग वर बघितलं. उघड्या पडलेल्या फांद्यांवर नवी कोवळी पालवी, आणि पालवीच्या मधून पांढऱ्या कळ्यांचे घोस. एका झाडाला नाही, सगळ्या. पुढच्या दोन दिवसांत अशी फुलं आली की मधमाश्यांच्या आवाजानं माणसाला माणसाचं ऐकू येईना. देवाप्पा म्हणतो बसस्टँडला त्याच्या दुकानात ग्रीसचा वास यायचा बंद झाला.

उगादीच्या दिवशी बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब-गूळ, खाऊन गुत्तेदार आला. बागेत एक चक्कर मारली, दुसरी मारली, तिसरीला देवाप्पाचा हात धरून विडा दिला. सौदा झाला. देवाप्पानं बहिणीकडं बघितलं आणि दलालाचे दगड उचलून घंगाळाच्या विटांच्या जागी ठेवले, पक्के.

गुत्तेदाराबरोबर सौम्या मॅडम पण आल्या होत्या. देवनहळ्ळीत कुणीतरी उन्हाचं माप करतंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी फुलं बघितली, जमीन उकरून बघितली, आणि चार माणसांसमोर म्हणाल्या, "सर, तुम्ही ताण दिलात. पानं गळेपर्यंत पाणी तोडलं आणि मग एकदम भरपूर सोडलं. त्यानं झाड सगळं बळ फुलात घालतं. मोसंबीवाले, संत्रीवाले मुद्दाम करतात. पण धोक्याचं काम आहे. अजून आठवडा गेला असता तर झाडंच गेली असती. नेमका दिवस तुम्हाला कळला कसा?"

सगळे विश्वासरावांकडं बघत होते. देवाप्पा, गुत्तेदार, गंगव्वा, आणि पुण्याहून शिकून आलेला यशोवर्धन आपला कागद घेऊन. विश्वासरावांनी मालनबाईकडं बघितलं. ती घंगाळाच्या काठावर हात ठेवून उभी होती, चेहरा एकदम साधा. तिला बोलायचं असतं तर बोलली असती.

"मोजून," विश्वासराव म्हणाले.

झालं. तिथून नाव झालं. मागच्या वर्षी लोक बघायला आले, ह्या वर्षी तर दोड्डबळ्ळापुराहून जीप भरून आली. विश्वासराव त्यांना तो लांब इंग्रजी शब्द सांगतात, टाकीचं उदाहरण देतात, पट्टी दाखवतात. आता तुम्ही म्हणाल, ताण द्यायचा तर सरळ मोटर बंद ठेवावी, घंगाळ कशाला? पण मग लोकांना सांगायचं काय, की बंद ठेवली म्हणून ठेवली? आकडा पाहिजे ना. म्हणून दर वर्षी फुलांचा शो संपला की घंगाळ बाहेर येतं. पहाटे मालनबाई ते भरते. उजाडल्यावर विश्वासराव चष्मा लावून वाचतात आणि भिंतीवर शून्य काढतात. तिला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. त्यावर दोघं एक अक्षर बोलत नाहीत. पानं बघून शून्यं पुरेशी झाली असं तिला वाटलं की एका सकाळी ती भरायची थांबते, त्या दिवशी पट्टीवर पाणी उतरतं, आणि विश्वासराव मोटर सोडतात. आता हप्त्यानं सोडतात म्हणा.

ती बघा, बस आली. चढा, मागच्या दारानं, पुढं जागा नसते. आणि एक ऐका. आज ते तुम्हाला ठेवून घेतील, परत पाठवायचे नाहीत, तुमची खाट ओसरीवर त्यांच्या खाटेशेजारी टाकतील. पहाटे अंगणात पाणी ओतल्याचा आवाज येईल. तुम्ही जागे व्हाल, विश्वासराव तर आधीच जागे असतील, डोळे मिटून. तेव्हा माझ्यासाठी एवढं करा, उठून बसू नका. कूस बदला आणि जरा घोरा.